सगळ्यांचंच दुखतं

उंबरमाळीत कुणाला "बरं आहे ना?" म्हणून विचारलं, की उत्तरात तब्येत येत नाही, अवयव येतो. "बरं हाय, पन कंबर धरलीय जरा." "हाय बरं, गुडघंच काय ते वैरी झालंत." सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते. आपण "हो का" म्हणेपर्यंत तो वाटेला लागलेला असतो. बाईमाणूस असेल तर डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन हंडे, वर कळशी, असा मनोरा जराही न हलवता ती नुसत्या डोळ्यांनी हसून पुढे जाते. कमरेत धरलेली बाई ती हीच का, असा प्रश्न आपल्याला पडतो, तिला नाही.

कारणं शोधायला लांब जायला नको. पावसाच्या तोंडाशी राब भाजायचे, रोपं टाकायची आणि आषाढ लागला की आवणी. पोटरीएवढ्या चिखलात, कमरेतून वाकून, एकेक चूड खोवत मागं मागं सरकायचं, दिवस मावळेपर्यंत. मग कापणी, झोडणी, गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या. उन्हाळ्यात पाणी. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं सगळी आमच्याच बाजूला. तानसा तर १८९२ सालचं. तरी चैत्र-वैशाखात शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. धरणाचं पाणी मुंबईला उताराने जातं, पाड्यावरचं पाणी मानेवरून चढावर येतं. अशा मुलखात दुखणं ही काही बातमी नव्हे. सगळ्यांचंच दुखतं.

आणि इथे मला, खुर्चीवर बसून हजेरी घेणाऱ्या शाळेतल्या बाईला, एक सोडून तीन दुखणी निघावीत, तीही छापील नावांनिशी, फायलीत घातलेली! मला याची थोडी लाजच वाटते. ज्यांनी आयुष्यभर आवणी केली त्यांच्या कमरेला नाव नाही, आणि माझ्या बोटांना ग्रीक नाव.

पहिला आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराच्या राखणीला ठेवलेली यंत्रणा सांध्यांच्या अस्तरावरच उठते. बोटांची पेरं, मनगटं, घोटे, सगळं डावं-उजवं जोडीने सुजतं. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात आमवाताला स्वतंत्र स्थान आहे, म्हणजे हजारावर वर्षांपूर्वी वैद्यांनी हे प्रकरण वेगळं काढलं होतं. दुसरी गुडघ्यांची झीज. हिच्यात कौतुकासारखं काही नाही. वय, वजन आणि घराण्याचा वारसा, तिन्ही माझ्याकडे पुरेसे आहेत. तिसरा मात्र नग आहे: फायब्रोमायल्जिया. सांधे ठीक, स्नायू ठीक, रक्त ठीक, फोटोत काही नाही, आणि मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग ठणकतंय. दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत नेणारी व्यवस्थाच इथे हळवी होऊन बसते. साधा दाब पडला तरी ती दंगल झाल्याचं कळवते. त्यात झोप लागून लागत नाही आणि सकाळी उठल्यावर रात्रभर भारे वाहिल्यासारखं वाटतं.

हे नाव वाडीत पोचलं तेव्हा पलीकडच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. बराच वेळ माझ्याकडे निरखून म्हणाल्या, "बाई, फायबरची टाकी तडकली तर नवीन मिळते. तुमचा काय करनार?"

याचं निदान करायची जुनी रीत मोठी मजेची होती. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने अंगावर १८ जागा ठरवून दिल्या. डॉक्टरने तिथे अंगठ्याने साधारण चार किलोचा दाब द्यायचा आणि १८ पैकी ११ ठिकाणी रोगी कळवळला तर पास. पुढे २०१० मध्ये ही रीत मागे पडली. आता कुठे कुठे दुखतं, झोप कशी आहे, थकवा किती, असं विचारून ठरवतात. माझे डॉक्टर मात्र जुन्या वळणाचे. त्यांनी अंगठा टेकवला आणि मी आमच्या शाळेतल्या पोरांसारखी प्रत्येक प्रश्नाला हात वर केला. आमवात असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा जोडीला असतो, असं ते म्हणाले. एकाला दुसरा सोबतीला मिळाला म्हणून त्रास वाटला जात नाही, ही यातली ग्यानबाची मेख.

तीन दुखण्यांचं एकत्र राहणं सोपं गेलं असतं, त्यांचं आपसांत पटलं असतं तर. आमवात रात्रभर पडून राहिलं की आखडतो आणि हालचाल केली की सैलावतो. झीज त्याच्या बरोबर उलटी: सकाळी पाच-दहा मिनिटं कुरकुर, मग गप्प, पण दिवसभर चाललं, पायऱ्या चढल्या, की संध्याकाळी तिचं तोंड सुटतं आणि बसल्याशिवाय मिटत नाही. फायब्रोमायल्जिया दोघांचंही ऐकत नाही. आज अंगात उत्साह आला म्हणून माळा झाडून काढावा, तर त्याचं बिल परवा येतं, तेही व्याजासकट. मग काहीच करू नये म्हणावं, तर त्यानेही ते बिघडतं.

त्यामुळे घरात सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात, "जरा बस गं." आमचे हे म्हणतात, "जरा हाल, बसून बसूनच आखडतेस." नणंद फोनवर म्हणते, "मनाला लावून घेऊ नकोस, शांत झोप." गंमत अशी, की तिघांचंही बरोबर असतं, फक्त प्रत्येकाचं वेगवेगळ्या दुखण्याला लागू पडतं. सकाळी डोळे उघडल्यावर माझं पहिलं काम असतं ते आज कोण बोलतंय हे ओळखणं. बोटांची मूठ वळत नसेल आणि तासाभरानेही वळत नसेल तर थोरले आमवात. जिना उतरताना कुरकुर ऐकू आली तर झीज. आणि केसांत कंगवा फिरवतानाही डोकं दुखलं तर तिसरं. कधी तिघंही एकदम बोलतात. अशा दिवशी मी कुणाचंच ऐकत नाही, वाटाणे सोलत बसते.

उठणं हा स्वतंत्र विषय आहे. कसाऱ्याला मालगाडी आली की घाट चढायला तिला मागून जादा इंजिनं लावतात. ३७ फुटांमागे एक फूट असा तिथला चढ, नुसत्या पुढच्या इंजिनाच्या जिवावर वजनदार गाडी वर जात नाही. इगतपुरी आली की ही मागची इंजिनं सोडतात. मला सकाळी हीच सोय लागते. हे मागून पाठीला हात देतात, पुढून चहा ओढतो, न्हाणीतलं कढत पाणी हातापायांवर पडतं, आणि शाळेची वेळ होता होता माझी इगतपुरी येते. मग दिवसभर मी एकटी धावते. दुपारी भेटलेल्या माणसाला हा घाट दिसत नाही. त्याला वाटतं, बाई तर चांगल्या ठणठणीत आहेत.

संधिवाताच्या डॉक्टरांसाठी मला कल्याण गाठावं लागतं. उंबरमाळीला लोकलमध्ये हवी ती खिडकी मिळते, हे आम्हा टोकाच्या लोकांचं एकमेव ऐश्वर्य. खर्डी, तानशेत, आटगावपर्यंत ते टिकतं. आसनगावला गर्दी चढते आणि माझी परीक्षा सुरू होते. एवढा वेळ बसून घोटे आखडलेले असतात, उभं राहून पाय मोकळे करायलाच हवेत. मी उठते. समोरच्या म्हाताऱ्या बाई बसतात, माझ्या गालावरून बोटं ओवाळतात, "देव तुझं भलं करो" म्हणतात. डबाभर लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. परतीच्या प्रवासात गुडघ्यांची पाळी असते. तेव्हा मी सीटला धरून बसलेली असते, शेजारी एखादी आजी डुगडुगत उभी असते, आणि तोच डबा माझ्याकडे असा बघतो की खडवली-वाशिंदच्या दरम्यान कुठेतरी उडी टाकावी. माझ्या अंगावर कुठेही प्लास्टर नाही, काठी नाही. चौथ्या सीटवर अर्ध्या खुब्याने बसलेल्या बाईचा काय आजार आहे, हे कुणी का ओळखावं?

या सगळ्यात मला भिगवणचं फार अप्रूप वाटतं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या या गावात घरोघर जाऊन लोकांना साधा प्रश्न विचारला: दुखतं का, आणि कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपकॉर्ड नावाच्या उपक्रमातलं हे काम. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, त्यातल्या १८ टक्के लोकांनी सांधे-स्नायूंचं दुखणं सांगितलं. खरा आमवात निघाला अर्ध्या टक्क्याला, म्हणजे दोनशेत एकाला. झीज आणि मांसपेशींची दुखणी त्याच्या कितीतरी पट. दवाखान्यात जे येतात तेवढेच रोगी, असं न समजता कुणीतरी उंबऱ्यावर जाऊन विचारलं, हेच मला मोठं वाटतं. बाकी १८ टक्क्यांवर मात्र माझा विश्वास बसायला वेळ लागला. उरलेल्या ८२ टक्क्यांनी "दुखत नाही" म्हटलं, की "ते काय सांगायचं" म्हटलं? आमच्या वाडीत प्रश्नावली घेऊन कुणी आलं असतं तर "कुठे दुखत नाही?" असा रकाना आधी छापावा लागला असता.

दोनशेत एक. आमच्या वाडीची वस्तीही साधारण तेवढीच. म्हणजे वाडीच्या वाट्याचा कोटा मी भरून काढला आणि बाकीचे सुटले, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

उपायांचं म्हणाल तर ते दारात उगवतात. निर्गुडी इथे कुंपणालाही असते आणि ओढ्यालाही. सासूबाई तिच्या पाल्याचा शेक देतात, रुईच्या पानाला एरंडेल चोपडून तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधतात. शेकाने बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? आमवात काही जात नाही, पण दुखऱ्या गुडघ्याशी कुणीतरी अर्धा तास बसलेलं असतं.

डॉक्टरांची गोळी वेगळी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, माझी बुधवारी. नाव मेथोट्रेक्सेट. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिचं संशोधन येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रातल्या, भीमावरमच्या माणसाच्या हाताखाली चाले. ते बनलं कर्करोगासाठी. आमवातासाठी अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ साली. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून आमच्या कॅलेंडरवर दर बुधवारी लाल गोल असतो. आणि दर बुधवारी काकू कुंपणापलीकडून विचारतात, "बाई, ती पिवळी गोळी एक मला द्या की." गोळी ही चीज आमच्याकडे विरजणासारखी मागितली जाते. मी नाही म्हणते. त्यांना वाटतं, महागाची असेल.

मग काकूंनी आपली सोय आपण केली. पौषात मुरबाडकडे म्हशाची जत्रा भरते, बैल आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. काकू घोंगडी घ्यायला गेल्या आणि परतीच्या वाटेवर कुणीतरी सांगितलं म्हणून एका वैदूकडून पुड्या घेऊन आल्या. करड्या रंगाची पूड, कोमट पाण्यातून दोन वेळा. तिसऱ्या दिवशी काकू तरातरा चालत आमच्या अंगणात आल्या आणि पुडीचा महिमा सांगून गेल्या. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की कल्याणच्या एवढ्या फेऱ्या फुकट गेल्या.

ही जादू जुनी आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. हेंचना हे सुचलं कशावरून, तर कावीळ झाली किंवा दिवस राहिले की आमवात काही काळ उतरतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि त्याच सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात यायला लागलं, की औषध चालू आहे तोवर ठीक, पण चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद करावं तर अंगच कोसळतं. आजही ही औषधं लागतात, पण मोजून-मापून, चढवत-उतरवत. रातोरात आराम देणाऱ्या अशा पुड्यांत याच जातीचं स्टेरॉइड मिसळलेलं तपासण्यांमध्ये अनेकदा सापडलेलं आहे.

होळीपर्यंत काकूंचं तोंड गरगरीत झालं. वाडीत सगळे म्हणाले, तब्येत सुधारली!

माझ्या गुडघ्यांबद्दलही वाडीत एक समज आहे. त्यांना पाऊस आधी कळतो, असा. भात वाळत घालायच्या आधी, पापड लाटायच्या आधी काकू हमखास विचारतात, "बाई, गुडघा काय म्हनतो?" हवेचा आणि सांध्यांचा संबंध शोधायला बऱ्याच जणांनी अभ्यास केले, काहींत थोडा सापडला, काहींत नाहीच. मी मात्र आपली वेधशाळा चालू ठेवली होती, मान मिळतो म्हणून. २०२१ च्या जुलैत एका रात्री असा पाऊस झाला की उंबरमाळी स्टेशनात पाणी फलाटाला लागलं, रूळ दिसेनात, घाटात दरड आली, गाड्या बंद. त्या रात्री माझे गुडघे गाढ झोपले होते. आयुष्यात क्वचित लागते तशी झोप मलाही लागली. सकाळी काकूंनी नुसतं बघितलं माझ्याकडे. त्यानंतर काही दिवस त्या पापडाचं रेडिओच्या सल्ल्याने ठरवायच्या.

यंदा चैत्रात सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर काकू चुलीपुढे बसल्या होत्या. तांदळाच्या पिठाची उकड काढलेली, परातीत वाफाळत होती. एवढी कढत उकड कुणी लगेच मळायला घेत नाही. काकूंनी मात्र दोन्ही हात तिच्यात खुपसले आणि डोळे मिटून तशाच बसल्या. मळत नव्हत्या. थोड्या वेळाने बोटं एकेक करून हलायला लागली, आधी करंगळ्या, मग बाकीची, आणि मग कुठे तळहाताच्या टाचेने मळणं सुरू झालं. बोटांची मधली पेरं मी ओळखीची असल्यासारखी ओळखली: दोन्ही हातांची, तीच तीच, फुगलेली. हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटाच्या सुजेवर अडकून बसल्या होत्या.

"रोज असं?" मी विचारलं.

"त्या लंगड्या तापापासनं," काकू म्हणाल्या. लंगडा ताप म्हणजे २००६ च्या साथीतला चिकुनगुनिया. तो १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेला होता, मग तीसेक वर्षं गप्प होता आणि २००६ मध्ये महाराष्ट्रभर लोकांना वाकवून गेला. त्याने सांधे महिनोन् महिने, काहींचे वर्षानुवर्षं धरतात हे खरं. पण त्याच्या नावावर पुढची सगळीच दुखणी खपून जातात हेही खरं. "सकाळी मूठ वळत नाय. उकड हाताला लागली की वळते. त्यात काय? सगळ्यांचंच दुखतं."

पुड्या संपल्या होत्या का, विचारलं. संपत आल्या होत्या, आणि पुडी एक दिवस चुकली तर अंथरुणातून उठवत नव्हतं. आता पुडी एकदम सोडू नका, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, आणि उरलेल्या पुड्या डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घालायला लावल्या. कल्याणला यायला त्या तयार नव्हत्या. आवणीच्या आधी राब, राबाच्या आधी लग्नं, लग्नांच्या आधी पाणी. शेवटी येताना टिटवाळ्याला उतरून गणपती करू, या अटीवर आल्या.

डॉक्टरांनी त्यांची बोटं हलकेच आडवी दाबली. काकू हूं की चूं करेनात, पण दुसऱ्या हाताने पदराची गाठ आवळली ती मी बघितली आणि डॉक्टरांनीही. पुडी नाकाशी धरून त्यांनी टेबलावर ठेवली. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. सकाळी किती वेळ आखडतं, तर काकूंनी सांगितलं, "उकड होईस्तोवर." ते तासात कसं लिहायचं, याचा डॉक्टरांनी थोडा विचार केला. मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न काढला: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं दहापैकी किती?

"सहन न होऊन कसं चालंल?" काकू म्हणाल्या.

"तरी, अंदाजे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमचं किती हाय?"

"माझं सहा असतं बहुतेक."

"मग माझं पाच लिवा," काकू डॉक्टरांना म्हणाल्या.